महू–सनावद छोटी लाइन बंद झाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती इंदूर, राऊ, महू आणि बडवाहकडच्या मराठी कुटुंबांसाठी आहे. ज्यांचे नातेवाईक खंडवा, बुऱ्हाणपूर, अकोट, अकोल्याला आहेत आणि जे वर्षातून एकदा तरी ओंकारेश्वरला जातात, त्यांनाही ती उपयोगी पडेल. गाड्यांच्या वेळा आणि भाडी मुद्दाम दिलेली नाहीत. ती सतत बदलतात. बाकीचे सविस्तर आहे.

नेमकी कोणती लाइन बंद झाली आणि कधी?

महू (डॉ. आंबेडकर नगर) – पातालपानी – कालाकुंड – चोरल – मुख्तियारा बलवाडा – बडवाह – ओंकारेश्वर रोड ही मीटर गेज, म्हणजे आपली छोटी लाइन. १ फेब्रुवारी २०२३ पासून तिच्यावरची नियमित प्रवासी गाडी बंद आहे. पुढचा ओंकारेश्वर रोड–सनावद–खंडवा तुकडा त्याआधीच बंद झाला होता, आणि खंडवा–अकोट त्याहीआधी, २०१७ च्या सुरुवातीला. शेवटच्या वर्षांत ही गाडी म्हणजे दोन्ही टोके कापलेली लाइन होती. इंदूरहून थेट खंडव्याला नेणारी गाडी आधीच गेली होती, उरली होती फक्त घाटातल्या आणि नर्मदाकाठच्या गावांची गाडी. म्हणून 'प्रवासी तरी कुठे होते' हा युक्तिवाद अर्धवट आहे. दोन्ही टोके तोडल्यावर मधल्या तुकड्यावर गर्दी कशी राहणार?

इतिहास थोडक्यात: दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये या लाइनसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. खंडवा–सनावद १८७४ मध्ये सुरू झाली, नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये झाला आणि गाडी १८७८ मध्ये इंदूरला पोचली.

'बंद' म्हणजे कायमची, की मोठी लाइन झाल्यावर पुन्हा सुरू?

दोन्ही, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. रतलाम–महू–खंडवा–अकोला हा सुमारे ४७३ किलोमीटरचा गेज बदलाचा एकच प्रकल्प २००८-०९ मध्ये मंजूर झाला. रतलाम–इंदूर–महू झाले. खंडव्याकडून निमाडखेडीपर्यंतचा भाग लवकर उरकला, कारण सेल्दा इथल्या औष्णिक वीज प्रकल्पाला (६६० मेगावॅटचे दोन संच) कोळसा न्यायचा होता. मधला घाट मात्र 'बदलायचा' नाही, तो सोडून दुसरीकडून नवी लाइन न्यायची आहे.

म्हणजे इंदूर ते खंडवा रेल्वे पुन्हा धावेल, पण जुन्या लाइनवरच्या प्रत्येक गावाला ती परत मिळणार नाही. मैदानातल्या बडवाह, सनावदसारख्या गावांसाठी हे 'तात्पुरते बंद' आहे. कालाकुंडसाठी रोजची गाडी कायमची गेली. आपले गाव कोणत्या प्रकारात बसते हे आधी ठरवा. खालच्या बऱ्याच उत्तरांचा उपयोग त्यावरच अवलंबून आहे.

घाटात आहे त्याच लाइनवर रूळ रुंद का नाही केले? फरक फक्त ६७६ मिलिमीटरचा आहे.

रुळांमधले अंतर १००० वरून १६७६ मिलिमीटर करणे हा कामाचा सर्वात सोपा भाग. खरी अडचण चढ, वळण आणि बोगदा या तिघांची.

चढ: पातालपानी–कालाकुंड घाटात ४० मीटर पुढे गेले की १ मीटर चढ, असा चढ आहे. गाडीच्या वजनाचा चाळिसावा भाग नुसता चढण्यासाठी ओढावा लागतो. छोट्या लाइनची हजार टनांची गाडी धरली तर २५ टन ओढ, आणि तीही मागून ढकलणारे जादा इंजिन (बँकर) लावून. मोठ्या लाइनवर भरलेली कोळशाची मालगाडी ५००० टनांच्या आसपास असते, तिला त्याच चढावर १२५ टन ओढ लागेल. आजचे ताकदवान विजेचे मालगाडी इंजिन सुरुवातीला जेमतेम ४५-५० टन ओढ देते. म्हणजे प्रत्येक मालगाडीला तीन-चार इंजिने. बोरघाटात १:३७ चा चढ आहे आणि तिथे आजही बँकर लावावे लागतात. पण मुंबई–पुण्याचा घाट दीडशे वर्षांपूर्वी ठरून गेला. आज नवी लाइन टाकताना कुणी तो खर्च जन्मभरासाठी गळ्यात बांधून घेत नाही. चढ १:१०० वर आणला तर तीच ओढ ५० टनांवर येते. पण सौम्य चढाने तेवढीच उंची गाठायची तर रस्ता लांबवावा लागतो. म्हणून नवी मार्गरेषा जुन्यापेक्षा बरीच लांब आहे, आणि तिच्यावर बोगदे जास्त आहेत.

वळण: मीटर गेजवर १६ अंशांपर्यंतचे वळण चालते, म्हणजे सुमारे १०९ मीटर त्रिज्या. मोठ्या लाइनवर मर्यादा १० अंश, १७५ मीटर. घाटातली तीव्र वळणे सरळ करायची तर डोंगर कापावा लागतो, नाहीतर दरीत भराव टाकावा लागतो. शिवाय वळणावर चढ आणखी कमी ठेवावा लागतो: मोठ्या लाइनवर दर अंशाला ०.०४ टक्के, मीटर गेजवर ०.०३.

बोगदे आणि भराव: जुने बोगदे छोट्या डब्यांच्या मापाचे. त्यात रुंद डबा बसत नाही आणि वर विजेची तारही बसत नाही. मीटर गेजचा भराव माथ्यावर साधारण ५.८५ मीटर रुंद असे. नव्या मोठ्या लाइनला ७.८५ मीटर लागतो. दरीच्या कडेला दोन मीटर भर घालायची म्हणजे पायथ्यापासून नवा भराव चढवायचा.

तेव्हा 'जुनी लाइन तोडली, नवी दुसरीकडे नेली' यात लबाडी नाही. मात्र ज्या गावांचे स्टेशन जाणार होते त्यांना हे वेळेवर आणि सोप्या भाषेत सांगितले गेले नाही, ही तक्रार खरी आहे.

काम इतके का रेंगाळते?

आधी वनजमिनीची परवानगी, मग बोगदे, आणि दरवर्षी चार महिने पाऊस. जून ते सप्टेंबर मातीकाम जवळजवळ थांबते. माळवा–निमाडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर सरळ भराव टाकला तर लाइन दर पावसाळ्यात खचते. म्हणून वरची माती काढून चांगला मुरूम, आणि त्यावर ठरावीक प्रतीच्या खडीमिश्रित मातीचा थर दाबून बसवावा लागतो.

बोगद्यात खडक काळा बेसॉल्ट, म्हणून लोकांना वाटते मजबूत असेल. बेसॉल्टचे थर मजबूतच असतात, पण दोन थरांच्या मध्ये लाल, मातीसारखा ठिसूळ पट्टा येतो आणि पावसाळ्यात पाणी नेमके तिथून झिरपते. असा पट्टा छताला लागला की सुरुंग लहान करायचे, पोलादी कमानी आणि खडकात बोल्ट लावायचे, काँक्रीटचा फवारा मारायचा आणि मग दोन पावले पुढे जायचे. चांगल्या खडकात आठवड्याला होणारे काम इथे महिना खाते.

रूळ जोडले गेले तरी लगेच गाडी येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी व्हावी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. त्यांनी ठरवून दिलेल्या वेगमर्यादेसह मंजुरी दिली की प्रवासी गाडी सुरू करता येते. 'चाचणीचे इंजिन गेले' ही बातमी वाचून तिकीट विचारायला स्टेशनवर जाऊ नका.

कालाकुंडचे आणि घाटातल्या वस्त्यांचे काय झाले?

सर्वात जास्त फटका इथे बसला, आणि आकड्यांत तो सर्वात कमी दिसतो.

वर चढणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून बँकर लागत असे. त्यामुळे गाडी तिथे हमखास थांबायची, आणि त्या थांब्यावर पळसाच्या पानात कलाकंद विकला जायचा. आसपासच्या वस्त्यांतले दूध नासण्याआधी विकण्याची ती सोय होती. दूध महूला नेण्यासाठी डांबरी रस्ता नाही. कच्चा रस्ता आहे, तो नदी ओलांडतो आणि पावसाळ्यात बंद पडतो. दूध आटवून कलाकंद केला की माल टिकतो आणि गिऱ्हाईक गाडीतून दारात येते. रोजची गाडी गेल्यावर गिऱ्हाईक पर्यटकांच्या हेरिटेज गाडीच्या दिवसांपुरते राहिले. दूध मात्र रोज निघते.

दुसरा फटका सीताफळ, मोहाची फुले, पळसाची पाने आणि जळाऊ लाकूड डोक्यावर घेऊन महूला जाणाऱ्या बायकांना. पॅसेंजर गाडीचे किमान भाडे १० रुपये असते आणि गाठोडे जवळ ठेवता येते. जीपवाला माणसाचे वेगळे घेतो, गाठोड्याचे वेगळे. पन्नास-साठ रुपयांच्या मालावर तेवढे भाडे गेले तर फेरीच परवडत नाही, आणि मग तो माल बाजारात येतच नाही.

तिसरा फटका आजारी माणसाचा. पावसाळ्यात रात्री बाळंतिणीला हलवायचे तर पूर्वी मालगाडी किंवा इंजिन थांबवण्याची विनंती तरी करता येत असे. आता नदी उतरेपर्यंत वाट पाहावी लागते. घाटातल्या घरांनी प्रसूतीच्या तारखेच्या दहा-पंधरा दिवस आधीच बाईला महू किंवा बलवाड्याच्या नातेवाइकांकडे हलवावे. आशाताईंना तारीख आधी कळवून ठेवली तर १०८ ची गाडी पक्क्या रस्त्यापर्यंत बोलावून ठेवता येते.

या गावांची मागणी आता रेल्वेकडे नव्हे, ग्रामपंचायतीकडून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेकडे जायला हवी: बारमाही रस्ता आणि नदीवर पूल. 'आमची गाडी परत द्या' या अर्जावर रेल्वेचे उत्तर ठरलेले आहे. 'आमची गाडी गेली, म्हणून रस्ता द्या' हा अर्ज जिल्हा पंचायतीला टाळता येत नाही.

हेरिटेज गाडी म्हणजे तीच जुनी गाडी ना?

रूळ तेच, गाडी वेगळी. पातालपानी ते कालाकुंड हा घाटाचा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा तुकडा जपला आहे. २५ डिसेंबर २०१८ ला ही गाडी सुरू झाली, तेव्हा ती महूहून सुटत असे. आता पातालपानीहून सुटते. मोठ्या काचांचे वातानुकूलित डबे आणि साधे खुर्चीचे डबे असे दोन वर्ग आहेत. आरक्षण रेल्वेच्या नेहमीच्या संकेतस्थळावरून होते.

काही उपयोगी गोष्टी: गाडी मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतर, तीही शनिवार-रविवारच्या आसपास चालते, म्हणून आधी दिवस तपासा. जाताना आणि येताना दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढावी लागतात. फक्त जाण्याचे काढून कालाकुंडला उतरलात तर परत यायला वाहन मिळेलच असे नाही. आजी-आजोबांना नेत असाल तर पातालपानी स्टेशनपर्यंतचे वाहन परतीसाठीही ठरवून ठेवा. आणि पातालपानीचा धबधबा पाहायचा असेल तर पावसाळ्यातच जा. सुमारे ३०० फुटांचा हा धबधबा दिवाळीनंतर फारसा उरत नाही.

घाट उतरण्याआधी पातालपानीजवळ गाडी थांबते ती टंट्या मामाच्या (इंग्रजांशी लढलेले टंट्या भील) देवळासाठी, असे सगळे मानतात, आणि हात जोडतात. रेल्वेच्या नियमाप्रमाणे उतारावर जाण्याआधी ब्रेकची तपासणी करावी लागते. दोन्ही एकाच ठिकाणी होतात, त्यामुळे वाद कुणी घालत नाही.

इंदूरहून ओंकारेश्वरला आता कसे जावे?

रस्त्याने, दुसरा सोयीचा मार्ग नाही. इंदूर–इच्छापूर महामार्गाने सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह, मोरटक्का, आणि तिथून डावीकडे ओंकारेश्वर. एकूण सुमारे ८० किलोमीटर. मोरटक्का म्हणजेच ओंकारेश्वर रोड स्टेशनचे गाव. तिथून देऊळ १२ किलोमीटर. पूर्वीही रेल्वेने जाणाऱ्याला हे १२ किलोमीटर टेम्पोने जावेच लागे, हे रेल्वेच्या आठवणीत रमणारे विसरतात.

काय बिघडते: भेरूघाटात एक ट्रक बंद पडला की दोन-दोन तास खोळंबा होतो. महाशिवरात्र, सोमवती आणि भूतडी अमावास्या, आणि श्रावणातले सोमवार या दिवसांत मोरटक्क्यापासूनच गाड्या अडवतात. नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा रस्त्याचा पूल बंद करतात. मग खलघाटवरून मोठा वळसा पडतो. पूर्वी अशा दिवसांत रेल्वेचा पूल हा दुसरा मार्ग असायचा. आज तो नाही, हा या बंदीचा सगळ्यात कमी चर्चिला गेलेला परिणाम आहे.

आपल्या लोकांसाठी एक सोय मात्र आहे. इथला सावन पौर्णिमेला संपतो आणि आपला श्रावण त्याच्या मध्यावर, अमावास्येनंतर सुरू होतो. राखीपौर्णिमा झाली की गर्दी ओसरते, पण पोळ्यापर्यंत आपला श्रावण चालूच असतो. त्या पंधरवड्यातल्या सोमवारी जा. अभिषेकही निवांत होतो आणि घाटही मोकळा मिळतो. सोमवती अमावास्या येते का तेवढे पंचांगात पाहून घ्या.

बस इंदूरहून मुख्यतः खासगी आहेत. मध्य प्रदेशात सरकारी परिवहन महामंडळ बंद होऊन बरीच वर्षे झाली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एसटीसारखी बायकांना अर्धे तिकीट किंवा ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास अशी सवलत इथल्या बसमध्ये मिळत नाही. पुण्या-नाशिकहून आलेली मावशी-आत्या आधार कार्ड दाखवून कंडक्टरशी भांडते, त्यात त्या कंडक्टरचा दोष नसतो.

खंडवा, बुऱ्हाणपूरला?

बस. खंडवा सुमारे १३० किलोमीटर, आणि गाडी चालू असतानाही घाईचा माणूस बसनेच जात असे. खंडव्याहून पुढे भुसावळ, मनमाड, मुंबईकडे भरपूर गाड्या आहेत. सामान जास्त असेल तर इंदूरहून रतलाम–वडोदऱ्याच्या बाजूने मुंबई–पुण्याची थेट गाडी पकडणे बरे. खंडव्याला मध्यरात्री गाडी बदलण्याचा व्याप वाचतो.

अकोल्याला थेट गाडी पुन्हा कधी? आमचे सगळे माहेर-सासर तिकडे.

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो आणि याचे उत्तर सर्वात कडू आहे. मीटर गेजच्या काळात जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस अजमेर, रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा अशी जात असे. माळव्यातल्या मराठी घरांना वऱ्हाड आणि मराठवाड्याशी जोडणारी ती थेट गाडी. लग्नाची वरात, लोणच्याच्या बरण्या, अकोल्याची तूरडाळ सगळे तिच्यातूनच यायचे-जायचे.

अकोला–पूर्णा मोठी झाली. अकोला–अकोट मोठी होऊन २०२२ मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. अडले आहे ते अकोट ते आमलाखुर्दच्या मधले. जुनी लाइन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून सुमारे ३९ किलोमीटर जाते. धूळघाटजवळ गाडी गोल फिरून आपल्याच रुळांवरून वरच्या पुलाने जायची, ती जागा याच पट्ट्यात आहे. वन्यजीव अभ्यासकांचे आणि महाराष्ट्र सरकारचे म्हणणे असे, की लाइन जंगलाबाहेरून, बुलढाणा जिल्ह्यातून न्यावी. दिवसाला दोन-चार हळू चालणाऱ्या छोट्या गाड्या आणि दिवस-रात्र वेगाने जाणाऱ्या मालगाड्या यांत वाघासाठी फार फरक आहे, हे मान्य करावेच लागते. बाहेरच्या मार्गाने अंतर वाढते, पण जळगाव जामोद, सोनाळा भागातल्या गावांना पहिल्यांदा रेल्वे मिळते. आमच्या मते तोच मार्ग शहाणपणाचा.

व्यवहाराचे सांगायचे तर अकोल्याची थेट गाडी गृहीत धरून कोणताही बेत आखू नका. सध्या तीन पर्याय आहेत. एक, इंदूरहून बसने खंडवा किंवा बुऱ्हाणपूर, तिथून रेल्वेने भुसावळ आणि भुसावळहून नागपूरच्या बाजूची कोणतीही गाडी. अकोला तिच्यावरच आहे. दोन, इंदूरहून भोपाळ–इटारसीमार्गे नागपूरची गाडी आणि तिथून मागे अकोला. लांब पडते पण रात्रीचा प्रवास झोपून होतो. तीन, रात्रीच्या खासगी स्लीपर बस. म्हातारी माणसे बरोबर असतील तर पहिला पर्याय दिवसाउजेडी करा. भुसावळला फलाट बदलायला लागणारा वेळ धरून दोन गाड्यांत किमान दीड तास ठेवा. महाराष्ट्र एसटीच्या बसमध्ये सवलत राज्याच्या हद्दीतल्या अंतरालाच लागते, हेही ध्यानात असू द्या.

मनमाड–इंदूर नवी लाइन मंजूर झाली. मग ही लाइन कशाला हवी?

मनमाड–इंदूर ही ३०९ किलोमीटरची लाइन केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये १८,०३६ कोटी रुपयांना मंजूर केली. ती धुळे, बडवानी, खरगोनच्या बाजूने येते. ती झाली की नाशिक–पुणे–मुंबई जवळ येईल. पण बडवाह, सनावद, खंडवा, वऱ्हाड आणि पुढे हैदराबाद ही दिशा तिच्यात नाही. एकीमुळे दुसरी रद्द होत नाही. दोन्हींचे बजेट वेगळे आहे.

नवी लाइन आमच्या शेतातून जाते. पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर कसा नेणार?

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६ प्रमाणे, रेल्वेमुळे जमिनीचा वापर अडत असेल तर ओलांडण्याची वाट, मोरी, पाणी जायची चारी वगैरे करून देणे रेल्वेला बंधनकारक आहे. पण दोन खाचा आहेत. लाइन वाहतुकीला खुली झाल्यापासून दहा वर्षांनंतर नवी मागणी या कलमाखाली करता येत नाही. आणि भरपाई घेताना 'रस्त्याच्या गैरसोयीची भरपाई यात धरली आहे' असे तुम्ही मान्य केले असेल तर रेल्वे ते काम करून देण्यास बांधील राहत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी भरपाईच्या निवाड्यातले हे वाक्य शोधा.

फाटक आता मिळत नाही. बिनचौकीदार फाटके मोठ्या लाइनवरून २०१९ पर्यंत काढून टाकली, त्यांच्या जागी रुळाखालून अंडरपास देतात. अंडरपासच्या नकाशावर ग्रामसभेत चर्चा होत असताना पुढच्या गोष्टी मागा. काँक्रीट ओतल्यावर यातली एकही बदलत नाही:

– उंची. कापसाने किंवा भुशाने भरलेली ट्रॉली जमिनीपासून किती उंच होते ते टेपने मोजून लेखी द्या. हार्वेस्टर जायचे असेल तर त्याची उंची वेगळी सांगा. 'ट्रॅक्टर जाईल' हे उत्तर पुरेसे नाही.

– पाणी. अंडरपास आजूबाजूच्या शेतापेक्षा खोल असतो. काळ्या मातीच्या भागात पहिल्याच मोठ्या पावसात तो तळे होतो आणि चार महिने तसाच राहतो. पाणी आपोआप नाल्याला जाईल इतका उतार आहे का, हे विचारा. नसेल तर गोळा होण्याचा खड्डा, पंप, आणि पंपाची वीज कोण भरणार हे कागदावर हवे. दोन्ही बाजूंच्या उतारांवर पत्र्याचे छत आणि तोंडाशी आडवी जाळीची गटार घेतली तर अर्धे पाणी आत येतच नाही.

– वळण. आत शिरताना काटकोनात वळण असेल तर लांब ट्रॉली अडते. वळणाची त्रिज्या वाढवून घ्या.

– विहिरीची पाइपलाइन आणि वीजपंपाची केबल रुळाखालून न्यायची असेल तर आताच पोकळ पाइप टाकून घ्या. गाड्या सुरू झाल्यावर त्यासाठी वेगळी परवानगी, शुल्क आणि महिने लागतात.

जमीन संपादनाची नोटीस आली आहे. हरकत किती दिवसांत?

नोटिशीवर कायदा कोणता लिहिला आहे ते पाहा. रेल्वे कायद्याच्या २०ए ते २०पी (20A–20P) या कलमांखाली असेल तर ३० दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर ६० दिवस. शेजाऱ्याची मुदत पाहून आपली धरू नका. झाडे, विहीर, पाइपलाइन, गोठा यांची नोंद पंचनाम्यात नसेल तर पैसे मिळत नाहीत. मोजणीच्या दिवशी हजर राहा, फळझाडे वयासकट लिहून घ्या आणि तारखेसह फोटो ठेवा. एकत्र कुटुंबातला एखादा भाऊ इंदूर किंवा पुण्याला असेल तर वारसनोंद आधी सरळ करा. निवाड्याचे पैसे सर्वाधिक अडकतात ते इथे.

जुन्या लाइनची जागा, रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) विकत मिळतात म्हणे?

जागा नाही. लाइन बंद झाली तरी जमीन रेल्वेचीच राहते. 'ओळख आहे, पट्टा करून देतो' म्हणणारा फसवतो आहे. अशा जागेवर बांधलेले घर सार्वजनिक जागा कायदा १९७१ खाली रिकामे करवून घेतात. रूळ, फिशप्लेट (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), चाव्या (रूळ जागेवर धरून ठेवणारे लोखंडी तुकडे) हे भंगार रेल्वे ई-लिलावानेच विकते. लिलावाच्या कागदाशिवाय असा तुकडा घरात किंवा भंगारवाल्याकडे सापडला तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'आठवण म्हणून' उचललेल्या चावीलाही हेच लागू.

पुलांवरच्या लाकडी स्लीपरचे तुकडे कुठे मिळाले तरी चुलीत घालू नका. त्यांत क्रिओसोट तेल मुरवलेले असते, त्याचा धूर विषारी असतो.

पातालपानी ते कालाकुंड रुळांवरून चालत जाता येते का?

पुष्कळ तरुण जातात. कायद्याने तो अपराध आहे (रेल्वे कायदा, कलम १४७), पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. लाइन 'बंद' समजून लोक पुलावर बसतात, आणि तिच्यावर हेरिटेज गाडी, इंजिन आणि तपासणीच्या ट्रॉल्या चालतात. पुलांवर बाजूला उभे राहायला जागा नाही, बोगद्यात वळणापलीकडचे दिसत नाही, आणि उतारावर येणारी गाडी आवाज कमी करते.

मोठी लाइन झाल्यावर आमच्या छोट्या स्टेशनला थांबा मिळेल का? कुणाला लिहायचे?

आपोआप मिळत नाही. पूर्वी छोट्या लाइनची एकच गाडी सगळीकडे थांबायची. मोठ्या लाइनवर लांब पल्ल्याच्या गाड्या लहान स्टेशनांवर थांबत नाहीत, त्यामुळे मागणी 'एक्सप्रेसला थांबा' अशी न करता 'खंडवा–महू–इंदूर मेमू (सगळीकडे थांबणारी विजेवरची गाडी), सकाळी इंदूरकडे आणि संध्याकाळी परत' अशी करा. ती मिळाली तर बडवाह-सनावदचा विद्यार्थी राऊ, राजेंद्रनगर, लोकमान्यनगरला थेट उतरू शकेल. अर्जासोबत कॉलेजात आणि कामाला जाणाऱ्यांची नावनिशीवार यादी, सध्याचे बसभाडे आणि बसच्या वेळा जोडा.

अर्ज कुठे द्यायचा यात बहुतेक जण चुकतात. महू ते सनावद भाग पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळाकडे. खंडवा जंक्शन मध्य रेल्वेच्या भुसावळ मंडळाकडे. खंडवा–अकोला दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड मंडळाकडे. अकोटच्या लाइनची तक्रार रतलामला पाठवली तर ती महिनाभराने 'आमच्या कक्षेत नाही' अशी परत येते. गाडीतल्या अडचणींसाठी रेल्वेचा मदत क्रमांक १३९ ठीक आहे. थांबा, अंडरपास किंवा जमिनीच्या कामासाठी त्याचा उपयोग नाही.

कामाची खरी स्थिती कळायला माहितीचा अधिकार वापरा: शुल्क १० रुपये, अर्ज ऑनलाइन करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. 'लाइन कधी सुरू होणार' असे विचारू नका. त्यावर 'निधी व परवानग्यांच्या उपलब्धतेनुसार' हे एक ओळीचे उत्तर येते. कागद मागा: अमुक दोन स्टेशनांमधल्या मंजूर मार्गरेषेच्या नकाशाची प्रत, त्यावरच्या स्टेशनांची यादी, प्रत्येक बोगद्याची एकूण लांबी आणि आजवर खोदलेली लांबी, आमच्या जमिनीच्या खसरा (गट) क्रमांकासमोरच्या अंडरपासचे मंजूर रेखाचित्र. अर्ज बांधकाम विभागाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. मंडळ कार्यालय गाड्या चालवते, नवी लाइन बांधते ते बांधकाम खाते.